‘खड्यांचं काही येत नाही’ म्हणतात तेव्हा: रंगीत रत्नाचं मूल्यांकन नीट कसं करून घ्यावं

“सोन्याचे एवढे येतील. खड्यांचं काही येत नाही.” आजीचा दागिना घेऊन सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर गेलेल्या बहुतेकांनी हे ऐकलेलं असतं. चिमट्याने खडे काढले जातात, कागदाची पुडी बांधून आपल्या हातात दिली जाते आणि उरलेल्या सोन्याचं वजन होतं. पुडी मग कपाटाच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. कुणी ती उघडत नाही, कारण त्याचं काही येत नाही हे सराफानेच सांगितलेलं असतं.

सराफ खोटं बोलत नाही. तो मोड घेतोय. मोडीचं सोनं मुशीत जातं आणि मुशीतून खड्याचे पैसे निघत नाहीत. बँकेत सोनं तारण ठेवायला गेलात तरी हेच होतं; रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज फक्त सोन्याच्या किमतीवर मिळतं, खड्यांचं वजन वजा होतं. हॉलमार्कचंही तसंच. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्कचा क्रमांक, सोन्याच्या शुद्धतेपुरता असतो. त्याच दागिन्यातला माणिक खरा की काच, हे त्यावरून कळत नाही. आपल्या ओळखीची सगळी यंत्रणा सोन्यासाठी उभी राहिलेली आहे. खड्याची पारख वेगळी, ती करणारी माणसं वेगळी, तिचा कागद वेगळा. हे माहीत नसल्यामुळे चांगली रत्नं पुडीत पडून राहतात, आणि दुसरीकडे काचेचा तुकडा लाखाचा समजून त्यावरून सख्ख्या भावांत बोलणं बंद होतं. मी दोन्ही पाहिलं आहे.

मी पेढीवरच वाढलो, पुढे मुंबईला रत्नपरीक्षा शिकलो आणि परत सोलापूरला आलो. मूल्यांकनाच्या कागदाला माझी एकच कसोटी असते. ज्याने तुमचा खडा कधीच पाहिलेला नाही अशा परक्या माणसाला नुसता कागद वाचून तो खडा शंभरांतून वेगळा काढता आला पाहिजे, आणि किमतीचा आकडा कुठून आला हेही कळलं पाहिजे. तेवढं ज्या कागदावर नाही त्याला मी अंदाज म्हणतो, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

तीन आकडे, तिन्ही बरोबर

ओळखीतल्या एक काकू दिवाळीच्या आधी अंगठी घेऊन आल्या. सासूबाईंची अंगठी, लांबट गोल लाल खडा, घरात सगळे त्याला माणिक म्हणायचे. दोन मुलगे, एक मुलगी; हयातीतच वाटणी करून टाकायची होती. अंगठी त्यांनी तीन दुकानांत दाखवली होती. पहिल्याने खड्याचे शून्य सांगितले. दुसऱ्याने साठ हजार. तिसऱ्याने पावणेदोन लाख.

“यातला खोटं कोण बोलतंय ते सांग की रे बाळा.”

“काकू, तुम्ही त्यांना काय विचारलंत?”

“किंमत किती म्हणून विचारलं. दुसरं काय विचारणार?”

गोंधळ तिथेच होता. पहिल्याने मोडीचा हिशेब सांगितला. दुसऱ्याने तो स्वतः आज रोख किती देईल ते सांगितलं. त्याला तो खडा विकेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सांभाळायचाय, त्याचा नफा आणि त्याची जोखीम त्याने आधीच कापून घेतली. तिसऱ्याने तसाच खडा त्याच्या शोकेसमधून विकत घ्यायचा तर काय पडेल, ते सांगितलं. एकच खडा, तीन वेगळ्या प्रश्नांची तीन उत्तरं.

म्हणून मूल्यांकन करणाऱ्याकडे जाताना पहिलं वाक्य “किंमत सांगा” हे नको, “अमुक कामासाठी किंमत हवी आहे” हे हवं. विम्यासाठी हवी असेल तर हरवलेल्या खड्यासारखा दुसरा खडा दुकानातून घ्यायला काय लागेल, तो आकडा. तो मोठा असतो आणि असायलाच हवा. विकायचा असेल तर हातात काय पडेल, तो आकडा. तो बराच लहान असतो. वाटणीसाठी मधला: घेणाऱ्याला घाई नाही, देणाऱ्याला नड नाही, दोघांनाही मालाची पूर्ण माहिती आहे, अशा व्यवहारात ठरेल तो भाव.

वाटणीत एक चूक घरोघरी होते, म्हणून जरा थांबून सांगतो. बहिणीच्या वाट्याची अंगठी शोकेसच्या भावाने मांडतात आणि भावाच्या वाट्याच्या पाटल्या मोडीच्या भावाने. मुद्दाम कुणी करत नाही, ज्या दुकानात जे विचारलं ते लिहून आणलेलं असतं. पण हिशेब फसतो आणि बहिणीच्या पदरात कागदावर जास्त, हातात कमी पडतं. वाटणीतल्या सगळ्या वस्तूंची किंमत एकाच पायावर, एकाच तारखेला काढून घ्या.

तारखेचा प्रश्न करातही येतो. आयकर कायद्यात दागिने ही भांडवली मालमत्ता आहे, आणि दागिने या शब्दात रत्नं येतात, मग ती दागिन्यात बसवलेली असोत की सुटी. १ एप्रिल २००१ च्या आधी घरात आलेली वस्तू आज विकली तर नफा मोजताना मूळ किमतीऐवजी त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते. त्यासाठी दागिन्यांचे नोंदणीकृत मूल्यांकक असतात. त्यांना आजची नव्हे, त्या तारखेची किंमत मागायची असते, हे आपल्या सीएला विचारूनच जा.

आधी ओळख

काकूंच्या अंगठीचे तीन आकडे तीन तऱ्हेचे होते, पण त्यांच्यात एक साम्य होतं. खडा माणिकच आहे का, हे तिन्हींपैकी एकाही दुकानाने तपासून पाहिलं नव्हतं.

लाल दिसतं ते सगळं माणिक नसतं. ब्रिटनच्या राजमुकुटात समोरच बसवलेला, शेकडो वर्षं ‘ब्लॅक प्रिन्स रूबी’ म्हणून मिरवलेला मोठा लाल खडा प्रत्यक्षात स्पिनेल नावाचं वेगळंच खनिज आहे. जुन्या फारसी नोंदींत ‘लाल’ आणि ‘याकूत’ असे दोन वेगळे शब्द येतात, त्यातला लाल म्हणजे हाच स्पिनेल. राजेरजवाड्यांच्या खजिन्यात जी गफलत झाली ती आपल्या घरातही होऊ शकते.

माणिक म्हणजे खनिज म्हणून कुरुंद. धार लावायला जो कुरुंदाचा दगड वापरत आले, त्याच जातीचा, फक्त पारदर्शक आणि आत क्रोमियमचा अंश आल्यामुळे लाल झालेला. त्याच कुरुंदात लोह आणि टायटॅनियम आलं की नीलम. पुष्कराज म्हणून आपल्याकडे जो विकतात तोही पिवळा कुरुंदच. पाचू मात्र वेगळ्या खनिजाचा, बेरिलचा.

ओळख पटवायची पद्धत दिसते त्यापेक्षा सोपी आहे. खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या मुठीएवढ्या यंत्रावर वाचता येतं. कुरुंदाचा आकडा १.७६ ते १.७७ च्या दरम्यान, लाल स्पिनेलचा १.७२ च्या आसपास, पाचूचा १.५८ च्या जवळपास. शिवाय कुरुंद प्रकाशाचे दोन किरण करतो. स्पिनेल, गार्नेट आणि काच एकच ठेवतात. एवढ्या दोन नोंदींनी अर्धीअधिक भेसळ उघडी पडते. या कामाला पाच-दहा मिनिटं लागतात आणि खड्याला ओरखडाही उठत नाही. जो माणूस हे न करता नुसता खडा उजेडात धरून, आयग्लास लावून “अस्सल आहे” म्हणतो, त्याची नजर कितीही तयार असली तरी त्याचा शब्द कागदावर घेऊ नका.

मग पुढचा प्रश्न: जमिनीतून आलेला की भट्टीत बनवलेला? दोन्हींचं रसायन एकच, प्रकाशाचा आकडाही तोच, म्हणून वरचं यंत्र इथे थांबतं. इथे “पणजीच्या काळापासूनचा आहे, म्हणजे खराच” हे ऐकायला मिळतं, आणि ते सांगणाऱ्याचा त्यावर मनापासून विश्वास असतो. पण ऑग्यूस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत पूड वितळवून माणिक बनवायची रीत १९०२ साली जाहीर केली. त्यानंतर असे माणिक जगभर गेले, आपल्याकडच्या नथींत आणि कुड्यांतही येऊन बसले. तेव्हा १९३० सालच्या नथीतला खडा जुना असतो, सोनं खरं असतं, आठवणही खरी असते, आणि माणिक मात्र कारखान्यातला असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या वाढीच्या रेषा वक्र दिसतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारख्या. जमिनीत वाढलेल्या खड्याच्या रेषा सरळ आणि कोनात वळणाऱ्या असतात.

काकूंना मी सूक्ष्मदर्शकावर बसवलं. त्यांच्या सासरी पूर्वी हातमाग होते. डोळा लावून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे सूत दिसतंय की रे आत.” रत्नपरीक्षेतही त्याला रेशीमच म्हणतात. रुटाइल या खनिजाच्या केसाहून बारीक सुया कुरुंदाच्या आत वाढताना अडकतात. फरक एवढाच की आपल्या मागावर ताणा-बाणा काटकोनात पडतो, आणि इथे तीन दिशांच्या सुया एकमेकींना साठ अंशांत छेदतात. भट्टीतल्या माणकात हे विणकाम असं नसतं. काकूंच्या खड्यात ते शाबूत होतं. सुया तुटलेल्या, ठिपके झालेल्या नव्हत्या, याचाही अर्थ आहे, आणि तो पैशात मोठा आहे.

रंग पक्का की चढवलेला

सोलापूरच्या माणसाला कच्चा रंग आणि पक्का रंग समजावून सांगावा लागत नाही. रत्नांतही प्रश्न तोच आहे: हा रंग आणि ही पारदर्शकता जन्माची की नंतर आणलेली?

बाजारातले बहुसंख्य माणिक आणि नीलम भट्टीत तापवलेले असतात. काही शे अंशांपासून अठराशे अंशांपर्यंत तापवलं की रेशीम विरतं, धूसरपणा जातो, रंग खुलतो. हा बदल कायमचा असतो, व्यापारात मान्य आहे, त्यात फसवणूक नाही. फक्त तो सांगितला पाहिजे. कारण न तापवलेला, तरीही सुंदर असा खडा दुर्मिळ असतो आणि उत्तम दर्जात त्याची किंमत तशाच दिसणाऱ्या तापवलेल्या खड्याच्या दुप्पट किंवा त्याहून पुढे जाते.

शिसेयुक्त काच भरलेल्या माणकाची गोष्ट मात्र वेगळी. भेगांनी भरलेला, जवळजवळ टाकाऊ कुरुंद घेऊन त्याच्या भेगांत अशी काच वितळवून भरतात. साधारण २००४ पासून हा माल बाजारात पसरला. दिसायला मोठा, लालबुंद, स्वच्छ. रिफ्रॅक्टोमीटरवर आकडाही माणकाचाच येतो. पण त्यात अस्सल माणिक किती आणि काच किती, हे कुणालाच सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकात खडा हलवला की भेगांतून निळसर-नारिंगी झाक चमकते आणि काचेत अडकलेले बुडबुडे दिसतात. अशी अंगठी सैल होते म्हणून सोनाराकडे दिली, त्याने बंबाची ज्योत लावली किंवा तेजाबात बुडवली, की खडा उसवतो. लिंबाच्या रसानेसुद्धा ती काच खराब होते. कॅरेटला लाखाची बोली जिथे चालायची तिथे हा खडा काहीशे ते दोन-चार हजारांवर येतो. ‘नैसर्गिक माणिक’ एवढाच शब्द लिहिलेला कागद या खड्यालाही मिळू शकतो, म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दावर समाधान मानू नका. त्याच्या खालची टिप्पणीची ओळ वाचा.

पाचूत बहुधा भेगा असतातच, आणि त्या झाकायला तेल किंवा राळ भरायची रीत फार जुनी आहे. प्रश्न किती भरलंय याचा. चांगली प्रयोगशाळा किंचित, मध्यम, जास्त अशी पायरी लिहून देते, आणि प्रत्येक पायरीला किंमत उतरते. याबाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगणं मला भाग आहे. शिकून नुकताच परत आलो होतो. एका बाईंची पाचूची अंगठी तपासायला आली. वर्षांचा मळ बसला होता, म्हणून तपासण्याआधी मी ती अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकली. तीन मिनिटांनी काढली तेव्हा हिरव्या खड्यात वरपासून खालपर्यंत पांढऱ्या भेगा उमटल्या होत्या. तेल निघून गेलं होतं. ते पुन्हा भरून घेता आलं आणि मी ते माझ्या खर्चाने करून दिलं, पण आईची अंगठी अशी पाहताना त्या बाईंचं काय झालं असेल, ते आजही माझ्या मनातून जात नाही. तपासणीला नेण्याआधी पाचू गरम पाण्यात, सोड्यात, मशीनमध्ये धुऊ नका, आणि कुणाला धुऊ देऊ नका. मऊ ओल्या कापडाने पुसा. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पाचूची अंगठी मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा शोकेसच्या तापलेल्या दिव्याखाली राहिली तरी तेल हळूहळू सुटतं.

आता उपकरणांच्या मर्यादेबद्दल. सूक्ष्मदर्शकाने पुष्कळ कळतं, सगळं कळत नाही. २००१-०२ च्या सुमारास बेरिलियम हे अत्यंत हलकं मूलद्रव्य भट्टीत कुरुंदात मुरवून पिवळे-नारिंगी रंग आणायची युक्ती उघडकीस आली. बाजारात ‘बँकॉकचा पुष्कराज’ म्हणून झगझगीत पिवळा खडा कमी भावात दाखवतात, तेव्हा ही शंका घ्यायला हवी. खात्री करायला लेसरने खड्याचा डोळ्याला न दिसणारा कण उडवून त्याचं पृथक्करण करणारं यंत्र लागतं, आणि ते मोजक्याच प्रयोगशाळांत असतं. याचा एक परिणाम लक्षात येत नाही. नव्वदीच्या दशकातलं जुनं सर्टिफिकेट कितीही नावाजलेल्या जागेचं असलं तरी त्या वेळी जी प्रक्रिया माहीतच नव्हती ती त्यात पकडलेली नसते. मोठा व्यवहार असेल तर नव्याने तपासून घ्या.

गावाचं नाव

आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेर विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते तेव्हा आपल्याला राग येतो, कारण गावाच्या नावाला किंमत आहे. रत्नांत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर चालते. काश्मीरचा नीलम, बर्माच्या मोगोकचा माणिक, कोलंबियाचा पाचू ही नावं लागली की भाव चढतो. काश्मीरात पाडरच्या उंच डोंगरात १८८१ च्या सुमारास नीलम सापडले आणि मुख्य साठा काही वर्षांतच संपला, म्हणून आजही त्या नावाला इतकी किंमत. २०१५ साली जिनिव्हात २५.५९ कॅरेटचा बर्मी ‘सनराइज रूबी’ सुमारे ३ कोटी डॉलरला गेला. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये मोझांबिकचा ५५.२२ कॅरेटचा माणिक सुमारे ३.४८ कोटी डॉलरला गेला. आकाराने दुपटीहून मोठा, पण कॅरेटला भाव जवळजवळ निम्मा. फरक सगळा गावाचा नाही, तरी गावाचा वाटा मोठा आहे.

पण मूळ ठिकाण हे प्रयोगशाळेचं मत असतं. आतली खनिजं आणि सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण पाहून ते दिलं जातं, आणि दोन नामांकित प्रयोगशाळांची मतं वेगळीही येतात. खडा मोठा आणि उत्तम असेल तरच त्यासाठी वेगळे पैसे मोजा. दुकानदार तोंडी ‘बर्मा’ म्हणाला आणि बिलावर लिहायला तयार नसेल, तर तो शब्द भावातून काढून टाका.

रंग, वजन आणि रत्तीचा घोळ

किमतीत सर्वांत मोठा वाटा रंगाचा. रंग म्हणजे छटा, गडदपणा आणि जोम, तिन्ही. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली माणिक पेटतो आणि निळा खडा काळवंडतो. पांढऱ्या एलईडीखाली उलटं. उत्तरेच्या खिडकीशी, ऊन अंगावर न घेता, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. खडा सरळ समोर धरल्यावर मधोमध आरपार दिसत असेल, खालच्या कागदावरची अक्षरं वाचता येत असतील, तर वजन राखण्यासाठी तो उथळ कापलेला आहे आणि भाव उतरतो.

वजनाबद्दल मात्र नीट समजून घ्या. ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम, यात वाद नाही. वाद रत्तीत आहे. आपल्या जुन्या मापात ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. त्या हिशेबाने गुंज म्हणजे रत्ती साधारण १२१.५ मिलिग्रॅमची. राशीचे खडे विकताना धरतात ती रत्ती सुमारे १८० मिलिग्रॅमची. ‘सव्वापाच रत्तीचा’ खडा पहिल्या मापाने ३.१९ कॅरेट आणि दुसऱ्या मापाने ४.७३ कॅरेट होतो. गुरूसाठी पुष्कराज घालावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, आणि मी त्यात पडत नाही. पण बिलावर वजन कॅरेटमध्ये, दोन दशांशांपर्यंत लिहून घ्या.

अंगठीत बसलेल्या खड्याचं वजन मापांवरून काढतात. काकूंचा खडा ८.० बाय ६.४ मिलिमीटर, खोली ४.६. लांबट गोल आकाराला सूत्र असं: लांबी-रुंदीच्या सरासरीचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले खनिजाची घनता, गुणिले ०.००२०. कुरुंदाची घनता ४, म्हणून उत्तर १.९१ कॅरेट. त्याच मापाचा पाचू १.३० कॅरेटच भरेल, कारण बेरिल हलकं असतं. पण हा अंदाजच. कागदावर ‘अंदाजे, कोंदणात असताना’ असं लिहिलेलं असलं पाहिजे. भाव कॅरेटगणिक नुसता वाढत नाही, १, २, ३, ५ अशा टप्प्यांवर उडी मारतो, त्यामुळे १.९१ आणि २.०५ यांत अंदाजाची चूक महागात पडते. जुन्या बंद कोंदणात तर खड्याखाली डाक, म्हणजे चकाकणारा पत्रा असतो आणि तो रंग गडद दाखवतो. किंमत मोठी असण्याची शक्यता असेल तर जाणत्या कारागिराकडून खडा काढून घ्यावा. पाचू आणि भेगा असलेले खडे काढताना धोका असतो, तेव्हा आधी तसेच तपासावेत.

तपासणारा, मूल्यांकन करणारा, घेणारा

प्रयोगशाळेचा अहवाल आणि मूल्यांकन हे दोन वेगळे कागद आहेत. प्रयोगशाळा खडा काय आहे, किती आहे, त्यावर काय प्रक्रिया झाली ते सांगते. पैशाचा आकडा सहसा लिहीत नाही. मूल्यांकक तो अहवाल हातात घेऊन, त्या तारखेच्या बाजारातले तुलनेचे भाव पाहून आकडा लिहितो. पहिल्याशिवाय दुसरा म्हणजे पाया न घालता भिंत. आणि तिसरा, विकत घेणारा, या दोघांपैकी कुणी असू नये. मूल्यांकन करताना “मीच घेतो की हा खडा” असं कुणी म्हणालं, तर त्याचा आकडा मूल्यांकन म्हणून वापरू नका. फी ठरावीक असावी, खड्यागणिक किंवा वेळेप्रमाणे. किमतीच्या टक्केवारीत फी मागणाऱ्याचा फायदा आकडा फुगण्यात असतो.

खड्याबरोबर फुकट मिळणारं प्लास्टिकचं कार्ड मी वाईट म्हणत नाही, पण ते विकणाऱ्याने निवडलेल्या जागेचं असतं. त्यात प्रक्रियेचा उल्लेख आहे का, क्रमांक संकेतस्थळावर जुळतो का, आणि वजन-मापं तुमच्याच खड्याची आहेत का, हे तीनदा तपासा. देशात मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी (आता आयआयजीजे-आरएलसी) ही जुनी नावं. परदेशात अमेरिकेतली जीआयए, आणि स्वित्झर्लंडमधल्या एसएसईएफ व ग्युबेलिन. पन्नास हजारांच्या खड्यासाठी स्वित्झर्लंडला जायची गरज नसते. आधी इथे प्राथमिक ओळख करून घ्या आणि खड्याने खर्च पेलला तरच पुढे जा.

सोलापुरातून खडा बाहेर पाठवताना सगळ्यांच्या मनात एकच भीती असते: बदलला तर? भीती रास्त आहे आणि तिला उपाय आहे. देण्याआधी खडा तुमच्यासमोर कॅरेटच्या काट्यावर तोलून घ्या, लांबी-रुंदी-खोली मोजून घ्या, आणि सूक्ष्मदर्शकातून आतल्या खुणांचा मोबाइलवर फोटो काढा. कुठल्याही दोन नैसर्गिक खड्यांच्या आतल्या खुणा सारख्या नसतात. तो फोटो म्हणजे खड्याची जन्मखूण. हे सगळं लिहिलेली, ‘तपासणीसाठी’ असा शब्द असलेली पावती घ्या. जांगड पावतीवर सही करू नका. जांगड म्हणजे पसंतीसाठी, विक्रीच्या बोलीवर दिलेला माल, आणि तुम्हाला विकायचा नाहीये. साध्या कुरिअरने पाठवू नका. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात की सकाळी मुंबईत असता. खडा स्वतः नेऊन द्यावा हे मला अजूनही सर्वांत बरं वाटतं.

हातात आलेल्या मूल्यांकनावर खनिज आणि जात, नैसर्गिक की कृत्रिम, प्रक्रिया आणि तिचं प्रमाण, वजन प्रत्यक्ष की अंदाजे, तिन्ही मापं, आकार व पैलूंची धाटणी, रंगाचं शब्दांत वर्णन, आतल्या खुणांचा फोटो, कोणती उपकरणं वापरली, प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक, मूल्यांकनाचं कारण, तारीख, सोन्याची आणि खड्याची वेगवेगळी किंमत, आणि मूल्यांककाची पात्रता व सही असली पाहिजे. एखादी ओळ रिकामी असेल तर तिथेच विचारा. जाणकाराला याचा राग येत नाही.

काकूंचा खडा आम्ही काढला. काट्यावर तो १.८६ कॅरेट भरला, माझ्या अंदाजापेक्षा थोडा कमी. प्रयोगशाळेने नैसर्गिक माणिक, तापवल्याच्या खुणा नाहीत, असं लिहिलं. गावाचं मत आम्ही मागितलं नाही. रेशीम इतकं दाट होतं की खडा पुरता पारदर्शक नव्हता, आणि त्या दर्जाला तो खर्च परवडला नसता. वाटणीसाठीचा आकडा एक लाख दहा हजार आला. अंगठी लेकीने घेतली, आणि त्याच तारखेच्या, त्याच पायावरच्या हिशेबाने भावांच्या बाजूला सोनं सरकवलं. अंगठी तिच्या बोटात सैल होत होती, म्हणून खडा पुडीत ठेवून नुसतं सोनंच सोनाराकडे पाठवलं. ते परत आल्यावर बसवण्याआधी काकूंनी स्वतःच पुडी पुढे केली आणि म्हणाल्या, “आधी तोल.” १.८६.